विलंबितात समेपर्यंत दम पुरत नाही, श्वास नेमका कुठे चुकतो?

काळी_चार (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय नेमकं उत्तर मिळायचं नाही, म्हणून सगळंच लिहिते.

ख्याल गाते, स्वर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी माझा सा). विलंबित एकताल, एका मात्रेला साधारण ३ सेकंद, म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन ३६ सेकंदांचं. आलाप संपवून अकराव्या मात्रेला मुखडा (बंदिशीच्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा) उचलला की समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) पोहोचेपर्यंत आवाज बारीक होतो. सम किंचित उतरलेली लागते आणि लगेच धाप लागल्यासारखा श्वास घ्यावा लागतो. मध्य लयीत हा त्रास नाही. सपाट तानेतही (सरळ चढत-उतरत जाणाऱ्या जलद स्वरांतही) नाही, हेच तर कोडं आहे.

घड्याळ लावून मोजलं. षड्जावर (सा वर) नुसता आकार, म्हणजे सलग 'आ', ११ सेकंद टिकतो. आवाज न करता 'स्स्स' करून हवा सोडली तर २२ सेकंद जाते.

दुसरी अडचण बोलण्याची. गणेशोत्सवात मंडळाचं सूत्रसंचालन असतं. दीड-दोन तास झाले की वाक्यांचे शेवट खाली पडतात, घसा खरवडल्यासारखा होतो.

सल्ले भरपूर मिळालेत. पोटातून श्वास घे, छाती भरून घे, कपालभाती कर, पहाटे खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) भर, आणि तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चाव (हा हजिऱ्याकडच्या प्रत्येक माणसाकडून). पहिले दोन तर एकमेकांच्या उलटच वाटतात. यातलं काय करायचं, किती आणि कोणत्या क्रमाने?

तिलवाडा

ताई, उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. नुसती हवा २२ सेकंद पुरते आणि आवाज ११. म्हणजे कोठी भरलेली आहे, गळती दाराशी आहे. अजून हवा भरायला शिकून काही होणार नाही, उलट बिघडेल. का ते सांगतो, कारण बहुतेक क्लासांत नेमकं इथेच उलटं शिकवलं जातं.

फुप्फुसं आणि बरगड्या ताणलेल्या रबरासारख्या असतात. श्वास काठोकाठ भरला की काही न करताही ती हवा बाहेर ढकलू पाहतात, आणि तो दाब पाण्याच्या साधारण ३० सेंटिमीटर उंचीइतका असतो. मध्यम आवाजात गायला किंवा बोलायला लागतो ५ ते १० सेंटिमीटर. म्हणजे श्वास भरल्यानंतरचे पहिले तीन-चार सेकंद तुमचं काम हवा ढकलायचं नसतं, रोखायचं असतं. आणि रोखायचं गळ्याने नाही, बरगड्यांनी. श्वास घेताना बरगड्या जशा उघडल्या तशाच त्या उघड्या ठेवायच्या, हळूहळू मिटू द्यायच्या. निम्मी हवा संपली की रबराचा जोर ओसरतो, आणि तिथून पुढे पोटाच्या स्नायूंनी आतून हलका रेटा द्यायचा. दमसास म्हणतात तो एवढाच. सुरुवातीला लगाम, शेवटी रेटा.

तुमच्या मुखड्यात याच्या बरोबर उलट घडत असणार. आलाप शेवटच्या थेंबापर्यंत ताणला, मुखडा जवळ आला, घाईने खांदे उचलून श्वास ठासून भरला, आणि तो सगळा दाब पहिल्याच अक्षरावर सुटला. पहिल्या दोन सेकंदांत निम्मी हवा गेली. समेला उरला रेटा, तोही गळ्यातून, म्हणून स्वर बारीक आणि उतरलेला. तान पाच-सहा सेकंदांत संपते आणि तिला दाबही जास्त लागतो, त्यामुळे ती चूक तिथे लपून जाते. तुमचं कोडं एवढंच आहे.

बैठकीपासून सुरुवात करा. सपाट जमिनीवर मांडी घातली की कंबर मागे गोल होते, बरगड्या पोटावर टेकतात आणि खालच्या बाजूने उघडतच नाहीत. ढुंगणाखाली ६-७ सेंटिमीटर जाडीची घट्ट घडी घ्या. चादरीची चालेल, कापसाची मऊ गादी नको, ती दबते. गुडघे कमरेपेक्षा खाली आले म्हणजे उंची बरोबर. परकराची किंवा सलवारीची नाडी बेंबीवर आवळलेली नको. कार्यक्रमाला जरीची साडी नेसताना हे हमखास होतं आणि मग 'स्टेजवर दम कमी पडतो' अशी तक्रार येते. तंबोरा स्वतः धरत असाल तर उजवा खांदा वर चढतोय का ते आरशात बघा. पेटीवर वाकून रियाज करणाऱ्यांचा श्वास तर अर्ध्यातच अडतो. खालच्या दोन-तीन बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवा, अंगठे पाठीकडे. श्वास घेताना तळवे बाजूला आणि अंगठे मागे ढकलले गेले पाहिजेत. पोट थोडं पुढे येईल, येऊ द्या. छातीचं हाड वर उचललं जाता कामा नये. 'पोटातून' आणि 'छाती भरून' हे तुमचे दोन सल्ले इथे एकत्र येतात. हवा जाते फुप्फुसांतच. खालचं श्वासपटल घुमटासारखं असतं ते सपाट होतं, आतडी खाली दबतात, म्हणून पोट पुढे येतं. पोट मुद्दाम फुगवून दाखवायला लागलात तर ते नाटक होतं, हवा तेवढीच राहते.

मग ७० टक्के भरा. काठोकाठ नको. ठासून भरलेला श्वास हाच पहिल्या अक्षरावर स्फोट करतो.

व्यायाम असा. पहिला आठवडा फक्त 'स्स्स'. तळवे बरगड्यांवर, ३-४ सेकंदांत नाकाने आत, मग 'स्स्स' सोडत १२ सेकंद, पण पहिले ६ सेकंद तळव्यांखालच्या बरगड्या हलल्या नाहीत असं वाटलं पाहिजे. थोड्या हलतीलच, चालेल. पाच वेळा. दोन श्वासांच्या मध्ये साधा श्वास घ्या, नाहीतर चक्कर येते. तीन दिवसांनी १६ सेकंद, मग २०. तुमचे २२ आहेतच, पण ते कदाचित सुरुवातीला जोरात आणि शेवटी टिपूस टिपूस असे गेले असतील. कान लावा. पहिल्या सेकंदाचा आणि अठराव्या सेकंदाचा 'स्स्स' सारख्याच जाडीचा ऐकू आला पाहिजे. आकडा वाढवणं हा मुद्दाच नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून ओठांची फुरफुर, लहान मूल तोंडाने गाडी चालवतं तशी 'ब्र्र्र', सोबत स्वर. सा रे ग म प म ग रे सा एका श्वासात. फुरफुर मध्येच बंद पडली की समजायचं हवा एकसारखी जात नाही. गालांवर बोटं टेकवून करा, सोपं जातं. मग त्याच सरगमीतला शेवटचा 'सा' फुरफुर न थांबवता आकारात उघडायचा. तो उघडण्याचा क्षण आहे ना, तिथेच तुमची गळती आहे.

वाचा_वर्ग

वाचा-उपचाराच्या बाजूने थोडी भर. वरचं बहुतेक पटतं, पण '२२ आणि ११ म्हणजे गळती दाराशी' याचे दोन अर्थ होतात. एक, आवाज लावण्याची सवय चुकीची. दोन, स्वरतंतू पूर्ण मिटतच नाहीत, म्हणजे गाठ, सूज किंवा मध्ये फट. हे वेगळं करायला घरच्या घरी एक चाचणी आहे.

आधी 'स्स्स', जितका लांब जाईल तितका. मग त्याच आवाजाचं घुमणारं रूप 'ज़्ज़्ज़'. हा मराठी 'जग'मधला ज नव्हे. तिथे जीभ दातांच्या मागे टेकते आणि हवा अडते. ग्वाल्हेरात ऐकू येतो तो 'ज़रा', 'ज़मीन'मधला, जीभ न टेकवता, भुंग्यासारखा सलग. दोन्ही तीन-तीन वेळा करा, प्रत्येकाचा सर्वांत मोठा आकडा धरा आणि 'स'ला 'ज़'ने भागा. १च्या आसपास आलं तर तंतू मिटताहेत. १.४च्या वर गेलं तर तपासणी करून घ्या, कारण हवा आहे पण आवाज होताना ती निसटते आहे. हा आकडा निदान नाही, फक्त इशारा. मात्र आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, किंवा गाताना दुखत असेल, तर आकडा काहीही येवो, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तंतू बघून घ्यायचे. व्यायाम त्यानंतर.

निरोगी प्रौढाचा सलग आकार साधारण १५ ते २५ सेकंद जातो, तेव्हा ११ कमीच आहेत. एक मात्र बघा, मोजताना स्वर आणि जोर दर वेळी तोच होता का? जोरात लावला की आकडा खाली येतो.

काळी_चार

धन्यवाद दोघांना! मोजलं. 'स' २२, 'ज़' १९, म्हणजे १.१६च्या आसपास. घोगरेपणा नाही, दुखतही नाही. आकार मात्र तोच, ११-१२. फुरफुर केली तर १७ सेकंद चालते. म्हणजे उघड्या 'आ'वरच घोळ आहे?

शिवाय कपालभातीचं काय? आणि आता थंडी सुरू होतेय.

तिलवाडा

हो, 'आ'वरच. ओठ किंवा जीभ वाट अरुंद करतात तेव्हा बाहेरून थोडा उलटा दाब मिळतो आणि तंतू सहज जुळतात. 'आ'मध्ये तोंड उघडं, मदत काहीच नाही, म्हणून सुरुवातीची चूक उघडी पडते. चूक दोन प्रकारची असते. काहींची हवा आधी निघते, स्वर मागून येतो, ऐकायला किंचित 'ह्आ'. काही गळा मिटून दाब साठवतात आणि झटका देऊन सोडतात. तुमचं पहिलं असावं, कारण 'ज़'चा आकडा चांगला आहे.

निरांजनाने तपासा. पंखा बंद, निरांजन तोंडापासून वीतभर अंतरावर, षड्जावर आकार लावा. चांगल्या लागलेल्या स्वराने ज्योत जेमतेम थरथरते. सुरुवातीलाच ती आडवी झाली तर तेवढी हवा फुकट गेली. आता त्याच जागी 'भा' म्हणा, ज्योत वाकेलच. महाप्राण अक्षरं हवा खातात. ख, घ, छ, थ, ध, फ, भ, आणि ह तर सगळ्यांत जास्त. तुमच्या मुखड्याचं पहिलं अक्षर महाप्राण आहे का ते बघा. असेल तर ते गिळायचं नाही, फक्त त्याचा फुत्कार आखूड करायचा आणि लगेच स्वरावर यायचं.

सुधारणा अशी: 'म्म्म' करत ओठ मिटून षड्ज धरा, २ सेकंद, मग जबडा खाली सोडा, 'म्माऽऽ'. आवाजाचा दर्जा बदलता कामा नये. दहा वेळा. मग 'म' मनातल्या मनात ठेवून थेट 'आ'. श्वास संपला आणि स्वर सुरू झाला यांच्यामध्ये थांबायचं नाही. चेंडू वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला, तसा श्वास वळतो. त्या वळणावरच स्वर लागला पाहिजे. तिथे थांबून कुंभक केलात, म्हणजे श्वास रोखून धरलात, की गळा मिटतो.

कपालभाती: करायची तर करा, पण गाण्यासाठी म्हणून नको. त्यात बाहेर सोडणं झटक्याचं आणि आत घेणं आपोआप. गायकाला हवं असतं नेमकं उलटं, झटकन आत आणि सावकाश बाहेर. पोटाचे स्नायू बळकट होतील, पण लगामाची सवय लागणार नाही. रक्तदाब जास्त असेल, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर नकोच. रियाजाच्या लगेच आधी तर अजिबात नको, पोट कडक राहतं. भ्रामरी मात्र जरूर करा, ती म्हणजे ओठ मिटून केलेला खर्जच.

चिमणबाग_निवेदक (इंदूर)

सूत्रसंचालनाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो.

बोलण्यात हवा कमी लागते, पण वाक्यरचना घात करते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नकार तर त्याच्याही मागून. 'पुढच्या वर्षापासून हा उपक्रम आपल्या मंडळाकडून घेतला जाणार नाही' या वाक्यात दम 'जाणार'वर संपला आणि 'नाही' पुटपुटल्यासारखं गेलं, तर मागच्या रांगेला बातमी उलटी पोहोचते. पाहुण्यांच्या परिचयातही नाव शेवटी येतं, आणि नेमकं तेच गिळलं जातं! म्हणून श्वास वाक्याच्या आधी नव्हे, शेवटच्या तुकड्याच्या आधी राखून ठेवायचा. संहितेत पेन्सिलीने उभ्या रेघा मारा. 'पुढच्या वर्षापासून / हा उपक्रम आपल्या मंडळाकडून / घेतला जाणार नाही.' पहिल्या रेघेवर नुसता थांबा, दुसरीवर छोटा श्वास. एका श्वासात दहा-बारा शब्द पुरेत. जास्त जातात, पण शेवटचे तीन घशावर जातात, आणि दोन तासांनी घसा खरवडतो तो त्या तीन-तीन शब्दांच्या हिशोबाने.

तो छोटा श्वास नाकानेच घेण्याचा हट्ट नको. मोठा थांबा असेल, टाळ्या चालू असतील, तर नाकाने. वाक्यामध्ये अर्धा सेकंद असतो, तिथे तोंड किंचित उघडं ठेवून नाक-तोंड दोन्हींनी, आणि आवाज न करता. श्वास घेताना सुर्र ऐकू आलं तर घसा अर्धा मिटलेला आहे. माइकवर ते दुप्पट ऐकू जातं आणि तंतू कोरडेही पडतात. जांभई सुरू होताना घसा जसा मागून मोकळा होतो, तेवढा मोकळा ठेवला की आवाज जातो.

माइक तोंडापासून चार बोटांवर, अगदी समोर न धरता हनुवटीच्या बाजूने थोडा तिरका. समोर धरला की प, फ, ब, भ फुटतात, ते टाळायला माणूस नकळत श्वास आवळतो. ध्वनिव्यवस्थेवाल्याला आपल्याकडचा मॉनिटर थोडा वाढवायला सांगा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की सगळेच ओरडतात. ढोलताशा चालू असताना घोषणा करायची नाही, इतका साधा नियम पाळला तरी निम्मा घसा वाचेल.

आणि कार्यक्रम संपल्यावर रात्री अकराला चाट-पकोडे खाऊन आडवं व्हायचं नाही. आमच्या सराफ्यात हा उपदेश कुणी ऐकत नाही ते सोडा, पण जठरातलं आम्ल झोपेत वर येतं आणि सकाळी आवाज जड लागतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

खर्जभरणा

थंडीचा आणि खर्जाचा मुद्दा राहिला आहे.

काळी चार म्हणजे मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम १५६ हर्ट्झच्या आसपास, तो बहुतेक बायकांना आरामात लागतो. त्याच्याखाली मंद्र मध्यम, गंधार जमेल तितका. मंद्र षड्ज १०४ हर्ट्झवर येतो, तो गाठायचा हट्ट नको. तिथे आवाज लागत नाही, करकरतो, आणि ती करकर म्हणजे खर्ज नव्हे. हनुवटी छातीला लावून स्वर 'खाली दाबणं' ही नेहमीची चूक. मान सरळ ठेवा, जोर कमी करा, कान तंबोऱ्यात ठेवा. खर्जाचा फायदाच हा की तिथे दाब कमी लागतो आणि जादा हवा सोडली की स्वर लगेच फसफसतो, म्हणजे लगामाची चूक आपोआप पकडली जाते. १५ मिनिटं पुष्कळ झाली. पहाटेच करायचा असा काही कायदा नाही. झोपेतून उठल्यावर तंतू किंचित सुजलेले असतात म्हणून आवाज खाली लागतो आणि 'वा, काय खर्ज लागला' असं वाटतं. उठून अर्धा तास झाला, गुळण्या झाल्या, थोडं बोलणं झालं, की मग बसा.

ग्वाल्हेरच्या डिसेंबरात उघड्यावर गायचं असेल, तानसेन समारोहाला लोक मफलरी गुंडाळून बसतात तशा हवेत, तर विंगेत नाकानेच श्वास घ्या, गळा झाकून ठेवा. नाक हवा कोमट आणि ओली करतं, तोंड तेवढी करत नाही. मंचामागे शेगडी पेटवलेली असेल तर तिच्यापासून लांब बसा, धूर आणि कोरडी उष्णता दोन्ही वाईट. घरी हीटर असेल तर खोलीत पाण्याचं पातेलं ठेवा. पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. प्यालेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, तंतूंना स्पर्शही करत नाही. मुखड्याआधी घेतलेला घोट तोंडाची कोरड घालवतो, बाकी काही नाही. तंतू ओले राहतात ते दिवसभर पीत राहिल्याने. लगेच परिणाम हवा असेल तर साधी वाफ, ५-७ मिनिटं, गाण्याच्या अर्धा तास आधी, त्यात बाम-कापूर काही नको. आणि रियाजाच्या आधी गजक नको. तिळाचा कण घशात अडकला की तासभर खाकरणं सुरू, आणि खाकरणं म्हणजे तंतू एकमेकांवर आपटणं. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळा.

चिंचेचा पाला आंबट असतो, लाळ सुटते, तोंड ओलं होतं. त्यापलीकडचं तानसेनाच्या कृपेवर.

तिलवाडा

बंदिशीच्या हिशोबाने श्वास कुठे घ्यायचा तेही सांगून टाकतो, कारण व्यायाम कितीही केले तरी जागा चुकली तर फळ नाही.

तुमचा एकताल ३ सेकंदांच्या मात्रेचा. अकरावी आणि बारावी मिळून मुखडा ६ सेकंद, वर समेचा स्वर २-३ सेकंद धरायचा. एकूण ९. तुमच्याकडे आजही ११ आहेत! म्हणजे आहे त्या दमात मुखडा होतो, फक्त आलाप वेळेवर सोडायला हवा. दहाव्या मात्रेच्या मध्यावर आलाप बंद. उरलेल्या दीड सेकंदात सावकाश श्वास, बरगड्या बाजूला, खांदे जागेवर. ही अर्धी मात्रा रिकामी सोडायला नवे गायक घाबरतात, वाटतं ऐकणाऱ्याला पोकळी जाणवेल. नाही जाणवत, तिथे तबला आहे, तंबोरा आहे, पेटीही मागचा स्वर धरून असते. हातावर ताल देत, मुखडा न गाता, फक्त श्वासाची जागा पाळत चार आवर्तनं काढा. मग मुखडा घाला.

आलापातही प्रत्येक वाक्यानंतर पूर्ण श्वास नको. दोन छोट्या वाक्यांमध्ये चोरटा श्वास, म्हणजे पोटाची पकड क्षणभर सोडायची, हवा आपसूक आत येते, ओढायची नाही. तार सप्तकात जाण्याआधी मात्र नीट घ्या, दाब जास्त लागतो.

आणि जोराचं वेड नको. खुला आवाज ही आपल्या घराण्याची खूण खरी, पण खुला म्हणजे ढकललेला नव्हे. हस्सू खाँच्या 'कडक बिजली' तानेची, बरगडी मोडल्याची आख्यायिका इथे सगळेच सांगतात. खरी-खोटी जाऊ द्या, जोराच्या खोकल्यानेही बरगडीला तडा जातो एवढं मात्र वैद्यकात नोंदलेलं आहे.

वाचा_वर्ग

एक असहमती. 'निम्मी हवा संपल्यावर पोटाने रेटा' हे वाचून पुष्कळजण पोट दगडासारखं आवळतात. ते आवळलं की पुढचा श्वास खाली उतरतच नाही, कारण श्वासपटलाला जागा मिळत नाही. रेटा बेंबीच्या खालून, पँटची चेन ओढताना पोट आत घेतो तेवढाच. आणि वाक्य संपताक्षणी तो सोडून द्यायचा. सोडणं जमलं नाही तर आधी आवळणं शिकवूच नये, असं माझं मत.

दाब मोजायचा सोपा उपाय: ग्लासात पाणी, नळी बरोबर ५ सेंटिमीटर खोल, नळीवर खूण करून. आवाज न करता ५ सेकंद एकसारखे बुडबुडे काढा. नळी जितकी खोल तितक्या सेंटिमीटरचा दाब लागतो, म्हणजे बोलण्याला लागणारा दाब डोळ्यांना दिसतो. बुडबुडे सुरुवातीला भसाभस आणि मग थांबले तर लगाम नाही. हे जमलं की नळी २-३ सेंटिमीटरवर आणा आणि बुडबुडे काढत 'ऊ' स्वरात सरगम म्हणा. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. सूत्रसंचालनाच्या मध्यंतरात दोन मिनिटं केलंत तरी घसा सैल होतो.

तिलवाडा

'चेन ओढण्याइतकं' हे माझ्या 'रेट्या'पेक्षा चांगलं आहे. मान्य.

काळी_चार

नळी कोणती घ्यायची? घरात ताकाच्या डब्याबरोबर येते ती बारीक आहे, आणि एक नारळपाण्याची जाड.

वाचा_वर्ग

पाण्यातल्या व्यायामाला जाड. बारीक नळीत पाण्याशिवायच पुरेसा अडथळा असतो, तिने पाण्यात केलं तर डोकं गरगरेल. पंधरा दिवसांनी बारीक नळी कोरडीच वापरा, नाक चिमटून बघा. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटत होती. गाल फुगू देऊ नका. कागदाची नळी पाचव्या मिनिटाला लगदा होते, स्टीलची आणा. दातांत नाही, ओठांत धरायची.